संगणकाच्या दारावरची हांक

(नभोवाणीवरील भाषण)

नारायणगांवाहून पूर्वेकडे खोडदच्या वाटेला लागलें, म्हणजे द्राक्षांच्या बागा आणि उंसाचे मळे ह्यांच्यामधून तारेच्या जाळीच्या प्रचंड टोपल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसूं लागतात. एकेका टोपलीचा व्यास ४५ मीटर. अशा ३० अँटेना जुन्नर तालुक्यांत व त्याच्या आसपास पसरलेल्या आहेत. त्यांपैकीं १४ जवळजवळ आहेत, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या तीन रांगांत आहेत. दोन टोंकांच्या अँटेनांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. सगळ्या मिळून एकच दुर्बिण होते. तिचें नांव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, संक्षेपानें जी.एम.आर.टी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यांतील केंद्रानें ती उभारली. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे तिचे कल्पक व नेते. भरीव पत्र्याऐवजीं ताणलेल्या बारीक पोलादी तारांची जाळी वापरण्याच्या युक्तीनें त्यांनीं वजन आणि खर्च हे दोन्ही आटोक्यांत आणले. २००२ पासून ही दुर्बिण जगांतील सर्व संशोधकांना खुली आहे.

ज्या जातीच्या लहरींवरून हें भाषण आपल्या घरीं पोंचत आहे, त्याच जातीच्या लहरी ह्या टोपल्या ऐकतात. फरक इतकाच, कीं त्या लहरी हजारों, लाखों, कधीं कोट्यवधि वर्षांपूर्वीं निघालेल्या असतात, आणि त्या अतिशय क्षीण असतात. परंतु आजचा विषय आकाश हा नव्हे. आकाशांतून आलेला निरोप शेवटीं ज्या संगणकाच्या दाराशीं येऊन थांबतो, त्या दाराची व्यवस्था कशी असते हा आजचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. पण दूरच्या ताऱ्याचें जें दार, तेंच आपल्या पेढीचें, आगगाडीच्या आरक्षणाचें आणि खिशांतल्या टेलिफोनचेंहि दार आहे. म्हणून घरोघरच्या शहाण्या माणसांनीं त्याची ओळख करून घेणें योग्य होईल.

आधीं ओघ किती मोठा आहे तें पाहावें. २०१० नंतरच्या दशकांत ह्या दुर्बिणीची सुधारणा झाली, आणि आतां तिला एका वेळीं ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकतां येतो. लहरींचा पट्टा जितका रुंद, त्याच्या निदान दुप्पट वेळां दर सेकंदाला त्याचें मोजमाप घ्यावें लागतें, असा गणिताचा नियम आहे. म्हणजे एका प्रवाहाचीं सेकंदाला ८० कोटि मोजमापें झालीं. प्रत्येक अँटेनापासून दोन प्रवाह निघतात आणि अँटेना ३० आहेत. गुणाकार केला तर सेकंदाला ४,८०० कोटि मोजमापें होतात. कांचेच्या तंतूंतून अँटेनांचे संकेत मध्यवर्ती इमारतींत येतात, तेथें त्यांचीं मोजमापें होतात, आणि संगणकांना तीं आंत घ्यावीं लागतात. आकाश कोणासाठीं थांबत नाहीं. संगणक दुसऱ्या कामांत गुंतला होता, ही सबब ताऱ्यापुढें चालत नाहीं.

आतां मूळ प्रश्न असा: दाराशीं कांहीं आलें आहे हें संगणकाला कळतें कसें? संगणकाचा प्रोसेसर एका वेळीं एक आज्ञा उचलतो, ती पाळतो, पुढची उचलतो. त्याचें लक्ष सदैव आपल्या पोथीवर असतें. बाहेरच्या जगाची दखल घेण्याच्या त्याच्या दोनच रीति आहेत. पहिली रीत अशी, कीं त्यानें थोड्या थोड्या वेळानें उठून दार उघडून पाहावें. पत्राची वाट पाहणारा गृहस्थ दर पांच मिनिटांनीं ओटीवर येऊन डोकावतो, तसें हें आहे. पत्र आलें नसेल तर ती खेप फुकट जाते, आणि मध्येंच आलें तर तें पुढच्या खेपेपर्यंत पडून राहतें. दुसरी रीत म्हणजे पोस्टमननें दारावर थाप मारावी आणि तोंवर गृहस्थानें निश्चिंतपणें आपलें काम करावें. ह्या थापेला संगणकशास्त्रांत इंटरप्ट म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्याला ‘व्यत्यय’ असें नांव दिलेलें आढळतें. परंतु व्यत्यय म्हटला कीं तो नकोसा वाटतो, आणि ही थाप तर हवी असते. म्हणून येथें तिला ‘हांक’ म्हणावें हें बरें.

हांकेची ही सोय संगणकांना जन्मतः नव्हती. १९५० नंतरच्या दशकांत ती आली. हॉलंडांतील अ‍ॅम्स्टरडॅम येथें इलेक्ट्रॉलॉजिका एक्स-१ ह्या नांवाचें यंत्र तयार होत होतें. त्याच्या दोघां रचनाकारांनीं, लूपस्ट्रा आणि शोल्टन ह्यांनीं, त्यांत हांकेची योजना घालण्याचें सुचविलें. त्या यंत्राच्या आज्ञावलीचें काम एड्स्गर डाइक्स्ट्रा ह्या तरुण विद्वानाकडे होतें. पुढें ह्या शास्त्रांतील अग्रणी म्हणून ज्याची कीर्ति झाली, त्या डाइक्स्ट्रालाहि ही सूचना ऐकून प्रथम भीतीच वाटली. तिचें कारण समजून घेण्यासारखें आहे. हांक केव्हां येईल हें कोणालाच ठाऊक नसतें. आज ती दहाव्या आज्ञेनंतर येईल, उद्यां अकराव्या. एखादी चूक दहाव्या आणि अकराव्या आज्ञेच्या सांध्यांतच दडलेली असेल, तर ती एकदां दिसेल आणि पुन्हां हजार वेळां शोधूनहि सांपडणार नाहीं. जी चूक पुन्हां घडवून दाखवितां येत नाहीं, ती दुरुस्त तरी कशी करावी? अखेर योजना स्वीकारली गेली आणि डाइक्स्ट्रानें तिची व्यवस्था बसविली. १९५९ सालचा त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध ह्याच यंत्राच्या कामांतून निघाला. परंतु त्याची ती भीति अनाठायीं नव्हती. आजहि ह्या शास्त्रांतील चिवट दोष बहुधा ह्याच सांध्यांत निघतात.

हांक आली म्हणजे घडतें काय, तें क्रमानें पाहूं. संगणकाच्या मूळ व्यवस्थापक आज्ञावलीला कर्नेल, म्हणजे गाभा, असें म्हणतात. यंत्रावर खरी सत्ता ह्या कर्नेलाची. बाकीचे कार्यक्रम त्याच्या परवानगीनें चालतात. एखाद्या उपकरणाला कांहीं सांगावयाचें असलें म्हणजे तें हांकेचा संकेत पाठवितें. अनेक उपकरणांच्या हांका एकदम आल्या तर त्यांतली निकडीची कोणती हें ठरविणारा एक नियंत्रक दाराशींच बसविलेला असतो. तो निवडलेली हांक प्रोसेसरपर्यंत पोंचवितो. प्रोसेसर हातांतली आज्ञा पुरी करतो, पुस्तकांत खूण ठेवून उठावें तशी आपल्या जागेची नोंद करतो, आणि एका कोष्टकांत पाहतो. इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरमध्यें ह्या कोष्टकांत २५६ घरें असतात. पहिलीं ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठीं राखून ठेवलेलीं असतात, बाकीचीं बाहेरच्या हांकांसाठीं. ज्या क्रमांकाची हांक, त्या घरांत लिहिलेलें काम तो करतो, ‘हांक पोंचली’ असें नियंत्रकाला कळवितो, आणि खूण काढून पूर्वींच्या ओळीवर परत येतो. मध्येंच कोणी उठविलें होतें ह्याचा त्या पूर्वींच्या कार्यक्रमाला पत्ताहि लागत नाहीं.

ह्या क्रमांत शहाणपणाचे दोन नियम आहेत. पहिला असा, कीं सर्व हांका सारख्या नव्हेत. खोडदला वारा फार सुटला म्हणजे अँटेना आभाळाकडे तोंड करून स्थिर ठेवाव्या लागतात. तशी सूचना आणि कोणीं कळफलकावर दाबलेली एक कळ ह्यांना एका पंक्तीला बसवून चालणार नाहीं. दुसरा नियम असा, कीं दाराशीं उभें राहून करावयाचें काम अगदीं थोडें असावें. पोस्टमन पत्र घेऊन आला तर सही करून पत्र घ्यावें आणि त्याला मोकळा करावा. तेथेंच उंबऱ्यावर बसून पत्र वाचून उत्तर लिहूं लागणें शहाणपणाचें नव्हे, कारण तोंवर मागचा माणूस खोळंबतो. म्हणून कर्नेल हांकेच्या कामाचे दोन भाग करतो. वस्तु आंत घेणें हा पहिला भाग तो लगेच करतो. तिचें काय करावयाचें हा दुसरा भाग सवडीनें, पण लौकरच करतो.

येथपर्यंत सर्व सुरळीत वाटतें. अडचण येते ती थापांची सरबत्ती सुरू झाली म्हणजे. हिशेब असा आहे. सेकंदाला १,००० कोटि बिट वाहून नेणाऱ्या तारेवरून लहानांत लहान पुडकीं येऊं लागलीं, तर सेकंदाला सुमारें १ कोटि ४८ लाख पुडकीं येतात. म्हणजे एका पुडक्यामागें सुमारें ६७ नॅनोसेकंद मिळतात. तेवढ्यांत आजचा चांगला प्रोसेसर जेमतेम २०० ठोके घेतो. आणि एक हांक घेऊन परत जागेवर बसण्याचा खर्च मात्र शेंकडों, कधीं हजारों ठोक्यांचा असतो. प्रत्येक पुडक्याला एक हांक द्यावयाची म्हटली, तर सगळा जन्म दार उघडण्यांतच जावयाचा. पत्रें आंत येतील, ढीग लागेल, परंतु एकहि वाचलें जाणार नाहीं. आणि शेवटीं जागा नाहीं म्हणून तीं फेंकून द्यावीं लागतील. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन ह्या दोघांनीं १९९६ सालीं ह्या अवस्थेचें प्रसिद्ध विवेचन केलें. ही मेलेल्या यंत्राची नव्हे, जिवंत यंत्राची कोंडी आहे: यंत्र अखंड राबत असतें, आणि काम शून्य होत असतें.

ह्यावरचा उपाय समजण्यासाठीं जुन्नरकरांना दूर जावें लागणार नाहीं. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांतून देशावर येणारा व्यापार ह्या घाटानें चढे. घाटाच्या तोंडाशीं आजहि दगडाचा एक मोठा रांजण दिसतो, आणि जकातीचीं नाणीं त्यांत टाकलीं जात अशी परंपरागत समजूत आहे. ती समजूत धरून चाललें तर त्या रांजणाचा गुण लक्षांत येतो. प्रत्येक बैलासाठीं जकातदाराला उठावयास नको. तांडा आला असें कळलें म्हणजे पुरे. नाणीं रांजणांत पडत राहतात, आणि तो तीं एकदम मोजून घेतो. आजचे कर्नेल हेंच करतात. पहिलें पुडकें आलें कीं हांक घ्यावयाची, आणि लगेच हांकेची घंटा बंद करून रांजणाशीं जावयाचें. तेथें जीं पुडकीं सांठलीं असतील तीं ठराविक संख्येपर्यंत उपसावयाचीं, मध्येंच दुसऱ्या कामांकडे पाहावयाचें, पुन्हां उपसावयाचीं. रांजण रिता झाला म्हणजे घंटा पुन्हां चालू करावयाची. गर्दी नसेल तेव्हां हांक आणि गर्दी असेल तेव्हां डोकावणें, असा हा मेळ आहे. लिनक्स ह्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कर्नेलामध्यें ही पद्धति २००१ च्या सुमारास आली.

मात्र रांजण मोठा केला म्हणजे सर्व प्रश्न सुटले असें नव्हे. आंबेगांव तालुक्यांत घोड नदीवर डिंभे धरण आहे. पावसाळ्यांतला पूर अडवून तें पाणी वर्षभर पुरविणें हें धरणाचें काम. पूर कितीहि मोठा असो, तो ओसरणारा असेल तर धरण तो पोटांत घेऊं शकतें. परंतु बारा महिने येणारें पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षां अधिक असेल, तर कोणतेंहि धरण एक दिवस सांडणारच. संगणकांतील सांठवणीला हाच नियम लागू आहे. ती क्षणिक गर्दी सोसते. कायमची तूट भरून काढूं शकत नाहीं. खोडदच्या दुर्बिणीसाठीं म्हणून पुष्कळ संगणक कामाला लावले गेले. प्रथम खास बनविलेलीं यंत्रें होतीं. २०१० च्या सुमारास लिनक्सवर चालणाऱ्या साध्या संगणकांचा समूह हें काम करूं लागला. आणि पुढील सुधारणेंत मोजमाप घेणारीं स्वतंत्र विद्युत्-मंडळें आणि त्यांच्यामागें आंकडेमोडींत तरबेज असे संगणक अशी वांटणी झाली. पहिला आघात झेलणारीं हीं मंडळें प्रत्येक मोजमापासाठीं प्रोसेसरला हांक देत बसत नाहींत. तीं मोजमापांचीं पुडकीं बांधून पुढें पाठवितात.

येथें काळाचाहि एक नाजुक प्रश्न आहे. २००४ सालीं ह्याच दुर्बिणीनें कपोत नांवाच्या तारकासमूहांतील एका तारकागुच्छांत एक स्पंदक तारा शोधून काढला. तो सुमारें ४० हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि स्वतःभोंवतीं सेकंदाला सुमारें २०० फेऱ्या घेतो. म्हणजे एका फेरीला सुमारें ५ सहस्रांश सेकंद लागतात. आतां, मोजमाप केव्हां घेतलें ह्याची नोंद जर ‘प्रोसेसरच्या लक्षांत केव्हां आलें’ ह्यावर ठेवली, तर घोटाळा होईल. प्रोसेसर कधीं तत्काळ लक्ष देईल, कधीं एक सहस्रांश सेकंदानें. तेवढ्या हेलकाव्यानें त्या ताऱ्याचे ठोके एकमेकांत मिसळून जातील. म्हणून काळाची नोंद हांकेवर सोडीत नाहींत. अचूक घड्याळाचा ठोका मोजमाप घेणाऱ्या यंत्रालाच दिलेला असतो, आणि आरंभापासून कितवें मोजमाप ह्या गणनेवरून काळ ठरतो. निरोप केव्हां आला आणि आपण दार केव्हां उघडलें, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होऊं न देणें हा दाराच्या व्यवस्थेचा तिसरा नियम म्हणावा.

एवढा वेळ घर एकाचेंच आहे असें धरलें होतें. आतां पुण्याच्या पेठेंतला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. दिंडी-दरवाजा एक, मालक एक, आणि आंत दहा बिऱ्हाडें. आजचे बहुतेक मोठे संगणक असेच वाडे झाले आहेत. एका खऱ्या यंत्राच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें नांदतात, आणि प्रत्येकांत स्वतंत्र कर्नेल असतो. विशेष हा, कीं प्रत्येक बिऱ्हाडकरूला सबंध वाडा आपलाच आहे असें वाटत असतें. तसें वाटावें अशीच रचना केलेली असते. ही कल्पना आय.बी.एम. ह्या अमेरिकन कंपनीनें १९६७ च्या सुमारास प्रत्यक्षांत आणली. कोणत्या प्रोसेसरवर असे वाडे निर्वेधपणें बांधतां येतील ह्याचे नियम पोपेक आणि गोल्डबर्ग ह्यांनीं १९७४ सालीं मांडले. घरोघरच्या संगणकांत असणाऱ्या प्रोसेसरला ही सोय मिळण्यास २००५ साल उजाडलें. आणि फेब्रुवारी २००७ मध्यें लिनक्स कर्नेलालाच वाड्याचा मालक बनविणारी के.व्ही.एम. ही योजना त्यांत सामील झाली.

वाड्यांत हांकेची गोष्ट बिकट होते. समजा, नारायणगांवच्या बाजारांत एका शेतकऱ्यानें टोमॅटो विकले आणि त्याच्या पट्टीची रक्कम पेढीकडे जमा झाली. तो निरोप कोठल्यातरी दूरच्या संगणक-भांडारांत एका वाड्याच्या दाराशीं आला. त्या क्षणीं प्रोसेसर भलत्याच बिऱ्हाडाचें काम करीत आहे. हांक बिऱ्हाडकरूनें घेऊन चालत नाहीं, कारण ती कोणाची हें त्याला ठाऊक नाहीं. म्हणून त्याचें काम थांबवून सत्ता मालकाकडे जाते. मालक हांक घेतो, निरोप कोणत्या बिऱ्हाडाचा हें पाहतो, आणि मग त्या बिऱ्हाडाच्या दारावर स्वतः थाप मारतो. म्हणजे खऱ्या हांकेच्या जागीं एक आभासी हांक उत्पन्न करतो. बिऱ्हाडांतला कर्नेल ती खरीच समजून आपल्या कोष्टकांत पाहतो, काम करतो, आणि ‘पोंचली’ असें कळवितो. तें कळविणेंहि पूर्वीं मालकाकडे जाई. एका हांकेसाठीं मालकाकडे अशा निदान दोन खेपा होत, आणि एकेका खेपेचा खर्च हजार ते कांहीं हजार ठोक्यांचा असे.

ह्यांतील बारकावे पाहिले म्हणजे मालकाच्या जबाबदारीची कल्पना येते. बिऱ्हाडकरूनें आंतून कडी लावली असेल, तर मालकानें दार फोडावयाचें नाहीं. हांक नोंदून ठेवावयाची आणि कडी निघाल्याबरोबर द्यावयाची. बिऱ्हाडकरू निजला असेल, म्हणजे त्याची पाळी नसेल, तर हांक टाकून द्यावयाची नाहीं. त्याला लौकर पाळी मिळेल असें करावयाचें. तो एका खोलींतून दुसरींत, म्हणजे एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर, गेला असेल तर हांक त्याच्या मागोमाग गेली पाहिजे. निजलेल्या बिऱ्हाडकरूच्या घड्याळाचे ठोके मध्येंच चुकतात. जागा झाल्यावर त्याला चुकलेले ठोके भरून द्यावे लागतात किंवा खरी वेळ सांगावी लागते. नाहीं तर तो मागच्या काळांतच वावरत राहील. आणि एखादें उपकरण एका बिऱ्हाडाच्या स्वाधीन केलें असेल, तर त्यानें शेजाऱ्याच्या नांवानें खोटी हांक देऊं नये म्हणून तिच्यावर तपासणी बसवावी लागते. हा शेवटचा मुद्दा केवळ सोयीचा नव्हे. शेजारच्या बिऱ्हाडांत कोणाची तरी पेढी असूं शकते.

खेपांचा खर्च कमी करण्यासाठीं दोन दिशांनीं प्रयत्न झाले. एकांत बिऱ्हाडकरूला ‘तूं बिऱ्हाडकरूच आहेस’ हें सांगून टाकलें, आणि मालक व तो ह्यांच्यामध्यें एक सामाईक रांजण ठेवला. त्यामुळें पुष्कळ पुडक्यांमागें एकच थाप पुरूं लागली. दुसऱ्या दिशेंत, बिऱ्हाडाची हांक मालकाला न उठवितां थेट बिऱ्हाडांत नेण्याची वाट काढली. २०१२ सालीं इस्राएलांतील संशोधकांनीं ही युक्ति केवळ आज्ञावलीच्या बळावर करून दाखविली आणि अशीं आभासी यंत्रें खऱ्या यंत्राच्या ९७ ते १०० टक्के वेगानें चालतात असें सिद्ध केलें. त्यानंतर प्रोसेसर बनविणाऱ्यांनीं ती सोय प्रोसेसरच्या अंगांतच घातली. आतां प्रत्येक बिऱ्हाडाची जणूं स्वतःची टपालपेटी असते. निरोप तींत पडतो, बिऱ्हाडकरू जागा असेल तर तो स्वतःच घेतो, आणि मालकाला उठावें लागतें तें तो निजला असेल तेव्हांच.

मग कोणी विचारील, कीं वाडे इतके सुधारले असतां सर्वच कामें वाड्यांत कां नेऊं नयेत? ह्याचें उत्तर यंत्राच्या वेगांत नाहीं, निरोपाच्या स्वभावांत आहे. शेतकऱ्याच्या पैशाचा निरोप वाटेंत हरवला, किंवा रांजण भरला म्हणून फेंकला गेला, तर पाठविणाऱ्याला पोंच मिळत नाहीं, आणि तो तोच निरोप पुन्हां पाठवितो. दोन क्षणांचा उशीर होतो. पैसे बुडत नाहींत. हजारों बिऱ्हाडांना थोडक्या खर्चांत निवारा मिळतो, ह्या लाभापुढें तो उशीर क्षुल्लक आहे. ताऱ्याची गोष्ट निराळी. त्याला आपण पोंच देऊं शकत नाहीं, आणि तो निरोप पुन्हां पाठवीत नाहीं. आकाशांत असेहि रेडिओ-स्फोट दिसतात, कीं जे कांहीं सहस्रांश सेकंदच टिकतात आणि त्यांतले पुष्कळ पुन्हां कधीं दिसत नाहींत. तो क्षण दारावरून निघून गेला तर तो कायमचा गेला. म्हणून जेथें निरोप पुन्हां मागतां येत नाहीं, तेथें पहिलें दार स्वतःचें, राखीव आणि भरपूर रुंद असावें लागतें. आंत घेतल्यावरचा विचार, गणित आणि चित्रें काढणें मग खुशाल सामाईक वाड्यांत करावें. दाराची व्यवस्था लावणाऱ्यानें ‘हांक किती वेगानें घेतां येईल’ ह्याच्या आधीं ‘कोणती हांक दुसऱ्यांदा येणार नाहीं’ हें विचारलें पाहिजे.

हा विवेक खोडदच्या परिसरांत केवळ यंत्राचा विषय राहत नाहीं. दुर्बिणीला शांतता लागते. ती कानांना भासणारी नव्हे, तर रेडिओ-लहरींची. विजेची ठिणगी, मोबाइलचा मनोरा, कारखान्याचें यंत्र ही तिच्या लेखीं नको असलेली हांक होय, आणि ती ताऱ्याच्या हांकेपेक्षां कोट्यवधि पटींनीं मोठी असते. म्हणून सभोंवारच्या प्रदेशांत उद्योगधंद्यांवर आणि प्रक्षेपकांवर निर्बंध आहेत. नियोजित पुणें–नाशिक लोहमार्गाच्या आखणीलाहि ह्याच कारणानें हरकत आली. जुन्नर आणि आंबेगांव येथील लोकांची ह्याबद्दल तक्रार असते, आणि ती समजण्यासारखी आहे. शेतीला जोडधंदा हवा, तरुणांना गांवाजवळ काम हवें, शहराला जवळ आणणारी आगगाडी हवी. ज्या शांततेंत तारा ऐकूं येतो, तिची किंमत कांहीं अंशीं हे लोक भरीत आहेत.

अशा स्थितींत त्या मध्यवर्ती इमारतींतला संगणक दाराशीं आलेलें मोजमाप जागा नाहीं म्हणून फेंकून देऊं लागला, तर ती केवळ शास्त्राची हानि होणार नाहीं. हजारों वर्षांचा प्रवास करून आलेला निरोप आणि तो ऐकूं यावा म्हणून दोन तालुक्यांनीं राखलेली शांतता, हीं दोन्ही एकदम वायां जातील. कर्नेलांतील हांकेचें कोष्टक, रांजणाची मापें आणि घंटा केव्हां बंद करावी ह्याचे नियम हीं कोणालाहि न दिसणारीं कामें आहेत. तीं ज्यांनीं चोख केलीं, त्यांचीं नांवें कोणी विचारीत नाहीं. आणि पडद्यावर ताऱ्याचे ठोके एकामागून एक उमटत राहतात.